लीकची लागवड आणि तापमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कांदा-लसणाच्या कुळातील लीक ही भाजी पुणे, नाशिक आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील परदेशी भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या ओळखीची झाली आहे. गच्चीवर किंवा परसबागेत ती लावून पाहणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. या पिकाबद्दलच्या शंका खताविषयी कमी आणि उन्हाविषयी जास्त असतात, म्हणून येथे केवळ तापमानाशी संबंधित प्रश्न घेतले आहेत. सर्व आकडे अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

लीकला नेमके किती तापमान मानवते?

वाढीच्या मुख्य काळात दिवसरात्रीची सरासरी १५ ते २० अंशांच्या दरम्यान असेल, तर लीकची वाढ सर्वांत चांगली होते. दिवसाचे कमाल तापमान २४-२५ अंशांपर्यंत असेल तोवर पीक सुखात असते. त्यापुढे ते जगते, पण पाने बारीक राहतात आणि दांडा, म्हणजे खायचा पांढरट भाग, जाड होत नाही. थंडीकडे मात्र या पिकाचा आवाका मोठा आहे. पाच-सात अंशांवरही त्याची वाढ पूर्णपणे थांबत नाही, मंदावते एवढेच.

तरीही एकच आकडा लक्षात ठेवून हे पीक घेता येत नाही. उगवणीला लागणारे तापमान, रोपाला मानवणारे तापमान आणि दांडा भरण्याच्या काळातले तापमान ही तीन वेगळी गणिते आहेत. शिवाय तीच थंडी कोवळ्या रोपाला आणि पूर्ण वाढलेल्या झाडाला वेगवेगळ्या तऱ्हेने लागू पडते. ‘लीकला थंडी लागते’ हे नेहमीचे विधान चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कोणत्या वयात किती थंडी, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात हे पीक खरोखर येते का?

येते, परंतु वर्षभर नाही आणि सगळीकडे सारखे नाही. विषुववृत्ताच्या जवळ असूनही श्रीलंकेतील नुवारा एलिया परिसरात लीक हे नेहमीचे पीक आहे, कारण तो भाग सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील वर्षाची सरासरी १६ अंशांच्या आसपास राहते. निलगिरीच्या डोंगरातही हेच घडते. आपल्याकडे एवढी उंची नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि तेथे उन्हाळाही सौम्य असतो, पण पावसाळ्यात तिथे ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्या चार महिन्यांत उघड्यावर लीक टिकवणे व्यवहार्य नाही, कारण तापमान अनुकूल असूनही मुळे कुजतात.

पुणे, नाशिक, अहिल्यानगर आणि साताऱ्याचा पठारी भाग येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चार महिन्यांचा काळ उपयोगी पडतो. पुण्यात जानेवारीत किमान तापमान ११-१२ आणि कमाल ३० अंशांच्या आसपास असते. सरासरी काढली तर ती २०-२१ येते, म्हणजे लीकच्या पसंतीच्या वरच्या टोकाला. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पीक चांगले येऊ शकते, आणि उशीर करण्याला मुभा जवळजवळ नाही. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यानंतर दुपारचे तापमान ३५ अंशांकडे झुकू लागते, तेव्हा शेतात राहिलेला बारीक दांडा पुढे जाड होईल या आशेवर थांबणे फायद्याचे ठरत नाही.

विदर्भात थंडीचा काळ चांगला असला तरी आखूड असतो. नागपूरची जानेवारीतील किमान सरासरी १२-१३ अंशांची आहे, पण मार्चमध्येच ऊन कडक होते. तेथे पेरणी वेळेवर साधणे पुण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे.

बी पेरले, पण उगवण फारच विरळ झाली. उष्णतेमुळे असे होते का?

बऱ्याचदा होय. लीकचे बी ७ अंशांपासून पुढे उगवू शकते, मात्र कमी तापमानात त्याला वेळ लागतो. दहा अंशांच्या मातीत साधारण तीन आठवडे, तर २० अंशांच्या मातीत आठ-दहा दिवस. वीस अंशांच्या आसपास उगवण एकसारखी होते. पंचविशीच्या पुढे ती घसरू लागते, आणि तिशीच्या पुढे ट्रेमधील बरीच घरे रिकामी राहतात.

टोमॅटो किंवा मिरचीची रोपे करणाऱ्यांची एक सवय येथे आड येते. बी टोकल्यावर प्रोट्रे (रोपे वाढवण्याचे घरांचे ट्रे) एकावर एक रचून त्यांवर प्लास्टिकचा कागद झाकण्याची पद्धत त्या पिकांना लागू पडते, कारण त्यांना ऊब हवी असते. लीकच्या बियांना ती ऊब नको असते. ओलावा टिकवण्यासाठी झाकणे भागच असेल, तर ओले गोणपाट वापरावे आणि ट्रे घरातील थंड, हवेशीर खोलीत ठेवावेत. मोड दिसताच ते शेडनेटखाली हलवावेत, नाहीतर कोंब पिवळे पडून लांबतात.

जुने बी हे विरळ उगवणीचे दुसरे कारण असू शकते. ते कसे ओळखावे, हे शेवटच्या प्रश्नात दिले आहे.

रोपवाटिका केव्हा टाकावी? थंडी सुरू झाल्यावर टाकणे योग्य नाही का?

हा गैरसमज बराच पसरलेला आहे. थंडीचे पीक म्हणून दिवाळीनंतर बी टाकले, तर रोप तयार होईपर्यंत जानेवारी उजाडतो आणि दांडा भरण्याचा काळ नेमका मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतो. लीकचे रोप पुनर्लागवडीसाठी तयार होण्यास आठ ते दहा आठवडे लागतात, आणि पुढे शेतात जातीनुसार १०० ते १५० दिवस. म्हणजे बी ते काढणी हा प्रवास सहा महिन्यांच्या आसपास जातो. आपल्याकडची थंडी चार महिन्यांची. हे दोन कालावधी एकमेकांत बसवायचे, तर रोपांचा काळ थंडीच्या बाहेर काढण्याशिवाय इलाज नाही.

पठारी भागासाठी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा हा त्यामुळे सर्वांत सोयीचा ठरतो. ऑगस्टमध्ये पुण्याचे कमाल तापमान २८ आणि किमान २२ अंशांच्या आसपास असते, कारण ढगांमुळे ऊन अडलेले असते. ऑक्टोबरमध्ये तेच कमाल तापमान ३२ अंशांवर जाते. श्रावण-भाद्रपदात उष्णतेची अडचण नसते, अडचण पावसाची असते, आणि पावसाला रोखणे उष्णतेला रोखण्यापेक्षा स्वस्त पडते. वर पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर, बाजू मोकळ्या आणि जमिनीपासून थोडे उंच मांडलेले ट्रे एवढी व्यवस्था पुरते. गादीवाफ्यावर रोपे करायची असतील, तर पाण्याचा निचरा आधी पाहावा, कारण दमट आणि उबदार हवेत रोपे कोलमडण्याचा, म्हणजेच मर रोगाचा धोका असतो. विरळ पेरणी हा त्यावरचा पहिला उपाय आहे, औषध नंतर.

ऑक्टोबरच्या उष्म्यात रोपे शेतात लावावीत की थांबावे?

रोप पेन्सिलीएवढे जाड आणि सुमारे २० सेंटिमीटर उंच झाले की ते लावण्यास तयार होते. ऑगस्टअखेरच्या पेरणीत ही स्थिती नोव्हेंबरच्या सुरुवातीस येते, तोपर्यंत ऑक्टोबरचा उष्मा ओसरलेला असतो. रोपे लवकर तयार झाली, तर आठ-पंधरा दिवस थांबण्यात नुकसान नाही. या पिकाचे रोप वाट पाहू शकते.

तरीही गरम हवेत लावणे भाग पडले, तर काम दुपारी चारनंतर करावे आणि लगेच पाणी द्यावे. पानांचे शेंडे थोडे छाटले की रोपाकडून होणारे बाष्पीभवन कमी होते असे मानले जाते आणि अनेक जण तसे करतात. माझ्या मते ठिबकचे पाणी वेळेवर मिळत असेल तर छाटणीची गरज पडत नाही, आणि छाटलेल्या टोकांतून रोग शिरण्याची वाट मात्र मोकळी होते.

जास्त उष्णतेचा त्रास पिकावर कसा दिसतो?

सर्वांत आधी पानांचे शेंडे पिवळे पडून वाळतात. हे पाणी कमी पडल्यावरही घडते, म्हणून मातीत बोट घालून ओल पाहावी. ओल असूनही शेंडे वाळत असतील, तर कारण उष्णता आहे, कारण लीकची मुळे उथळ असतात आणि तापलेल्या वरच्या थरातून त्यांना पुरेसे पाणी उचलता येत नाही. पुढची खूण म्हणजे नवी पाने अरुंद निघणे. दांडा हा पानांच्या एकमेकांत गुंडाळलेल्या आवरणांचाच बनलेला असतो, त्यामुळे पान अरुंद म्हणजे दांडा बारीक, असा हा सरळ हिशेब आहे. उन्हात वाढलेला दांडा चिवट आणि अधिक तिखटही लागतो. याउलट थंडीत झाडात शर्करा साठते, म्हणून जानेवारीत काढलेल्या लीकची चव गोडसर असते.

मातीचे तापमान वेगळे सांभाळावे लागते का?

हवेपेक्षा मातीचे तापमान आपल्या हातात अधिक असते, म्हणून त्याकडे लक्ष देणे फायद्याचे आहे. काळा मल्चिंग पेपर युरोपातील थंड वसंतात माती तापवण्यासाठी उपयोगी पडत असेल, पण आपल्याकडे नोव्हेंबरच्या दुपारीही तो नकोशी उष्णता देतो. प्लास्टिक वापरायचेच असेल, तर चंदेरी बाजू वर ठेवावी. त्याहून चांगले म्हणजे उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा. यांचे पाच-सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन माती थंड ठेवते, ओल धरते, आणि मातीची भर लावताना बाजूला सारता येते.

पांढऱ्या दांड्यासाठी भर लावणे आवश्यकच आहे, कारण प्रकाश न मिळालेला भागच पांढरा राहतो. रोप १५ सेंटिमीटर खोल भोकात लावावे, आणि पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी सऱ्यांमधली माती दांड्याशी ओढावी. भारी काळ्या जमिनीत ही पद्धत जपून वापरावी लागते. तेथे माती घट्ट बसते, सुकली की भेगाळते, आणि त्या भेगांतून गरम हवा थेट मुळांपर्यंत जाते. अशा जमिनीत उंच गादीवाफा करून त्यात भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे. मुरमाड, निचऱ्याची जमीन असेल तर तिलाच पसंती द्यावी.

लीकला डेंगळे का येतात?

कांदा उत्पादकांना डेंगळे, म्हणजे अवेळी वर येणारे फुलांचे दांडे, नवे नाहीत, आणि येथेही कारण तेच आहे. लीक हे द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या हंगामात ते पाने वाढवते, मधल्या हिवाळ्यात थंडी सोसते आणि दुसऱ्या हंगामात फुलांचा दांडा काढते. हिवाळा येऊन गेला हे झाडाला थंडीवरूनच समजते. सुमारे पाच अंशांचे तापमान यासाठी सर्वांत परिणामकारक असते, पण १०-१२ अंशांची थंडी दीर्घकाळ लाभली तरी परिणाम होतो. १८ अंशांच्या वर हा परिणाम राहत नाही. पुढे दिवस मोठे होऊ लागले की फुलांचा दांडा झपाट्याने वर येतो.

अगदी कोवळ्या रोपावर थंडीचा असा परिणाम फारसा होत नाही. झाड एका विशिष्ट आकाराचे झाले की मगच ते थंडीची नोंद घेते. म्हणून फार लवकर पेरून डिसेंबरपर्यंत जाडजूड झालेल्या झाडांना डेंगळ्यांचा धोका जास्त असतो, आणि तीच थंडी बारीक झाडांना निरुपद्रवी ठरते.

पठारावरील शेतकऱ्याच्या बाजूने एक गोष्ट आहे. आपल्या हिवाळ्यात रात्र ८-१० अंशांची असली तरी दुपार २८-३० अंशांची असते, आणि दिवसाची ही ऊब रात्रीच्या थंडीचा परिणाम बऱ्याच अंशी पुसून टाकते. दिवसाची लांबीही येथे युरोपाइतकी वाढत नाही. त्यामुळे धोका कमी आहे, नाहीसा झालेला नाही. फेब्रुवारीत मधोमध फुलाचा टणक, गोल दांडा हाताला लागला, तर ते झाड त्याच आठवड्यात काढावे. कळी दिसेपर्यंत थांबल्यास आतला भाग लाकडासारखा होतो आणि भाजी विकण्याजोगी राहत नाही. फुलाचा दांडा मोडून टाकल्याने झाड पुन्हा पानांकडे वळत नाही.

कांद्याप्रमाणे उष्णतेमुळे लीकला गड्डा धरतो का?

कांद्यासारखा नाही. कांद्यात वाढता दिवस आणि वाढते तापमान मिळाले की पात थांबते आणि कांदा पोसतो. लीकमध्ये बुंधा थोडा फुगीर होऊ शकतो, पण पाने मान टाकत नाहीत. पात पडण्याची वाट पाहून काढणी करण्याचा कांद्याचा नियम येथे लावू नये.

निफाडसारख्या भागात पारा चार-पाच अंशांवर येतो. पीक वाचवायला काही करावे लागेल का?

नाही. द्राक्षबागांसाठी शेकोट्या पेटवण्याची वेळ येते, तेव्हाही शेजारच्या वाफ्यातील लीकला धोका नसतो. पहाटे दव गोठून पाने ताठ झाली तरी सूर्य वर आल्यावर ती पूर्ववत होतात. अशा सकाळी काढणी मात्र करू नये, गोठलेली पाने हाताळताना तुटतात आणि पुढे तेथून सडतात.

जात निवडताना तापमानाचा विचार कसा करावा?

युरोपात लीकच्या जाती ढोबळमानाने उन्हाळी आणि हिवाळी अशा विभागल्या जातात. उन्हाळी जातींचे दांडे लांब, पाने फिकट हिरवी आणि वाढ जलद असते, पण त्या तीव्र हिमाला टिकत नाहीत. हिवाळी जातींची पाने निळसर हिरवी, दांडा आखूड व जाड आणि वाढ संथ असते. स्कॉटलंडची ‘मसलबरा’ ही जुनी जात किंवा हिवाळ्यात जिची पाने जांभळट होतात ती फ्रान्सची ‘ब्ल्यू द सोलेझ’ शून्याखाली बरेच अंश उतरलेल्या तापमानातही शेतात उभी राहते.

आपल्याला शून्याखालच्या तापमानाशी काहीच देणेघेणे नाही. तरीही ‘थंडी सोसणारी म्हणजे चांगली’ असे समजून हिवाळी जातीचे बी मागवले जाते, आणि मग पाच महिने थांबूनही दांडा भरत नाही. येथे लवकर तयार होणारी उन्हाळी जात घ्यावी, उदाहरणार्थ ‘किंग रिचर्ड’. पाकिटावर शेतातील कालावधी किती दिवसांचा लिहिला आहे, ते सर्वांत आधी वाचावे. हिमाचल प्रदेशातील पालमपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘पालम पौष्टिक’ ही जात दिली आहे, पण तेथील हवामान आपल्यापेक्षा थंड आहे, हे धरून ती आधी थोड्या क्षेत्रावर घ्यावी.

तापमान बदलले की कोणत्या किडी-रोगांकडे लक्ष द्यावे?

कोरडी, उबदार हवा आली की फुलकिडे. त्यांची एक पिढी थंडीत महिनाभर रेंगाळते, पण तीस अंशांच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस ते अचानक वाढल्यासारखे वाटतात. पानांवर चंदेरी ओरखडे दिसतात, आणि परदेशी भाजी घेणारा ग्राहक असे पान स्वीकारत नाही. निळे चिकट सापळे आणि तुषार सिंचनाचे अधूनमधून दिलेले पाणी यांचा उपयोग होतो. पंचविशीच्या वरचे तापमान आणि ढगाळ, दमट हवा एकत्र आली की जांभळा करपा येतो. थंड आणि धुकट दिवसांत नारिंगी ठिपक्यांचा तांबेरा दिसू शकतो.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईतील गच्चीवर लीक लावता येईल का?

किनारपट्टीवर जानेवारीतही रात्र १७-१९ अंशांच्या खाली क्वचित जाते आणि दुपार तिशी ओलांडते. तेथे जाड, पांढऱ्या दांड्याचे लीक मिळणार नाही, हे आधीच स्वीकारलेले बरे. बोटाएवढे बारीक लीक पातीसारखे काढून वापरायचे असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ते जमते. कुंडी पांढऱ्या किंवा फिकट रंगाची, किमान ३० सेंटिमीटर खोल आणि दुपारनंतर सावलीत जाईल अशा जागी असावी. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतील माती उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते.

शेडनेट किंवा पॉलिहाऊसमध्ये उन्हाळ्यात पीक घेता येईल का?

पस्तीस ते पन्नास टक्के सावलीचे शेडनेट मार्चमध्ये काढणी दोन-तीन आठवडे लांबवायला मदत करते, एप्रिल-मेमध्ये नवे पीक उभे करायला नाही. सावलीने ऊन अडते, पण गरम हवा अडत नाही. साधे पॉलिहाऊस तर आतले तापमान वाढवते. पंखे आणि ओल्या पॅडची थंड करणारी यंत्रणा लावून लीक पिकवता येईल, पण मिळणाऱ्या भावात विजेचे बिल सुटणे कठीण आहे. त्या जागेत ढोबळी मिरची घ्यावी.

आम्ही ब्रिटनमध्ये राहतो. भाड्याच्या बागेच्या तुकड्यावर लीक लावताना हे नियम लागू होतात का?

तत्त्व तेच, दिनदर्शिका उलटी. तेथे मार्च-एप्रिलमध्ये पेरणी, जूनच्या सुमारास पुनर्लागवड आणि ऑक्टोबरपासून पुढच्या वसंतापर्यंत काढणी असा क्रम असतो. फेब्रुवारीत घरातल्या उबेत वाढवलेली मोठी रोपे एप्रिलच्या गारठ्यात बाहेर लावली, तर त्यांना डेंगळे येऊ शकतात, म्हणून घाई टाळावी. वेल्समध्ये १ मार्च या संत डेव्हिड दिनी लोक लीक अंगावर मिरवतात. ऐन हिवाळ्यानंतर ताजे लीक तेथे मिळते, कारण हिवाळी जाती पूर्ण थंडी शेतातच काढतात. त्यांना उपटून साठवण्याची गरज नसते. योगायोग असा की आपल्या पठारावर १ मार्च ही काढणी संपवण्याची तारीख आहे.

काढणीनंतर लीक कोणत्या तापमानात ठेवावे?

शून्य अंश आणि ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत लीक दोन ते तीन महिने टिकते. एवढी सोय नसेल, तर काढणी पहाटे करावी, मुळ्या थोड्या ठेवून छाटाव्यात, थंड पाण्याने धुऊन निथळावे आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीतच गाडी भरावी. दुपारच्या उन्हात तासभर पडलेले लीक नंतर शीतगृहात ठेवूनही ताजे होत नाही. घरच्या फ्रिजमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ते आठ-दहा दिवस चांगले राहते. केळी, सफरचंद आणि पिकते टोमॅटो जवळ ठेवू नयेत, त्यांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूने पाने पिवळी पडतात.

घरचे बी धरता येईल का, आणि उरलेले बी कसे साठवावे?

मैदानी भागात पुरेशी सलग थंडी मिळत नसल्याने फुले एकसारखी येत नाहीत आणि बी भरवशाचे होत नाही. थंड हवामानाच्या भाज्यांचे बीजोत्पादन देशात हिमाचलच्या कुलू खोऱ्यासारख्या भागात होते, ते याच कारणामुळे. त्यामुळे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. ते महाग असल्याने उरलेले जपून ठेवण्याकडे कल असतो, पण कांद्याच्या बियांप्रमाणे हे बीही अल्पायुषी आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत राहिलेले पाकीट ऑगस्टमध्ये निम्मीसुद्धा उगवण देईल, याची खात्री नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलची पुडी घालून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. पेरणीआधी ५० बिया ओल्या कागदात गुंडाळून थंड जागी ठेवाव्यात आणि दोन आठवड्यांनी मोजाव्यात. तिसाहून कमी उगवल्या, तर नवे बी आणावे.